टोपी न काढता केलेलं निदान

चोपडा,
आखाजीनंतरचा रविवार

श्री. रा. रा. झुलालनाना यांच्या सेवेशी
(आणि खांद्यावरून वाकून हे पत्र वाचत असतील त्या सौ. ताईबाई विहीणबाईंच्याही सेवेशी),

प्रेमराजचा सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तिकडची खुशाली तुमच्याकडून कळायला हवी, पण ती हल्ली आमच्या शीतलकडूनच कळते. 'नानांचे गुडघे आता बरे आहेत, दुकानाला नवीन कूलर बसवला, विहीणबाईंचं पित्त उतरलं आणि नाना तुमच्यावर भयंकर रागावलेत,' असं तिने मला एका दमात सांगितलं. गुडघ्यांचं ऐकून फार बरं वाटलं.

खरं म्हणजे मी फोनच करणार होतो. केलाही. तुम्ही उचललात, 'गिऱ्हाईक शे' म्हणालात आणि ठेवलात. वेळ भर दुपारची होती आणि महिना वैशाख. या उन्हात धुळ्याच्या बाजारपेठेत कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, तिथे पूजेचं सामान घ्यायला कोणतं गिऱ्हाईक आलं असेल, याचा मी बराच वेळ विचार केला. मग ठरवलं की पत्रच लिहावं. फोन मधेच ठेवता येतो. पत्र फाडलं तरी फाडण्यापूर्वी माणूस थोडंसं वाचतोच. (मी पेशंटच्या चिठ्ठीवर पथ्य सगळ्यात वर लिहितो, ते याच अनुभवावरून.)

आता मुद्द्याचं. राग माझ्यावर आहे हे मला मान्य आहे आणि व्याह्याने रागवायचं नाही तर कोणी रागवायचं? पण नाना, राग माझ्यावर आणि शिक्षा शीतलला, हा हिशेब मला कळला नाही. पुढच्या महिन्यात जळगावला आमच्या चामडीच्या डॉक्टरांचा जो उजळणी वर्ग आहे, त्याला तिचं जाणं तुम्ही रद्द केलंत. 'ज्या डॉक्टर लोकांना आमचं कुंकू चालत नाही, त्यांच्यात आमच्या सुनेचं काय काम?' असं तुम्ही म्हणालात. हे मला शीतलने सांगितलं नाही. ती सासरची तक्रार कधी करत नाही, हे वळण तिच्या आईचं. मला सांगितलं तुमच्या पुतण्याने, म्हणजे भूषणने. तो औषध कंपनीचा माणूस. इकडचं तिकडे पोचवणं हा त्याचा धंदाच आहे, त्यामुळे त्याला मी दोष देत नाही.

हे उजळणी वर्ग म्हणजे काय भानगड असते, ते एकदा सांगतो, कारण विहीणबाईंचा समज असा आहे की डॉक्टर लोक तिथे जेवायला जमतात. (समज अगदीच चुकीचा नाही.) वकील, वाणी, वाहनचालक यांचे जसे परवाने, तशी आमची नोंदणी. ती दर काही वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी असल्या वर्गांना बसून गुण मिळवावे लागतात. तिथे आपण काय शिकलो हे कोणी विचारत नाही. आत जाताना आणि बाहेर येताना मोबाईलवरून हजेरी लागली की झालं. मी असे एक गृहस्थ पाहिलेत की जे गेली कित्येक वर्षं प्रत्येक वर्गात मागच्या रांगेत घोरतात आणि त्यांची नोंदणी माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. पण त्यासाठी घोरायला तरी तिथे जावं लागतं. लग्न झाल्यापासून शीतलचा एकही वर्ग झालेला नाही. एकदा तुमच्याकडे बारसं होतं, एकदा सत्यनारायण, एकदा विहीणबाईंच्या माहेरची मंडळी. तिची मुदत पावसाळ्यात संपते. धुळ्याचा वर्ग हुकला, जळगावचा शेवटचा. तोही हुकला, तर चामडीच्या रोगांची पदविका घेतलेली तुमची सून कागदोपत्री कोणाच्या खरजेलाही हात लावू शकणार नाही.

आणि धुळ्याचा वर्ग हुकला कसा, तर माझ्यामुळे. हे तुम्हाला ठाऊक आहे, पण तुम्ही ते तुमच्या बाजूने पाहिलंत. माझ्या बाजूने असं झालं.

मी त्या दिवशी सकाळी चोपड्याहून शिरपूरमार्गे निघालो. बेत असा की तुमच्या दारात गाडी थांबवायची, उभ्या उभ्या चहा घ्यायचा, शीतलला घ्यायचं आणि दोघांनी वर्गाला जायचं. बायकोने निघतानाच सांगितलं होतं की परस्पर हॉलवर जा, पोरीला रिक्षाने बोलवा, व्याह्याच्या दारात उभ्या उभ्या काही होत नसतं. मी म्हणालो, अगं, झुलालनाना पुढारलेले आहेत, दुकानात फोनवरून पैसे घेतात. तिने फक्त माझ्या रिकाम्या हातांकडे बघून फरसाणचा पुडा दिला.

शीतल दारातच उभी होती, गळ्यात वर्गाचा बिल्ला घालून. माझ्याकडे बघितल्याबरोबर तिने मला काहीतरी विचारलं आणि मी घाईघाईने उन्हाचा विषय काढला. (ते जाऊ द्या.) तेवढ्यात विहीणबाई बाहेर आल्या. त्यांनी मला पाहिलं, तिला पाहिलं आणि आत जाऊन हरभऱ्याची डाळ शिजायला टाकली. नाना, त्या कुकरच्या शिट्टीने निकाल लागला. सुनेचा बाप दारात आलाय आणि सून गळ्यात पट्टा घालून बाहेर निघालीय, हे गल्लीने पाहिलं असतं तर तुमचं नाक राहिलं असतं का? शीतलने बिल्ला काढून खुंटीला अडकवला आणि हात धुतले. मी म्हणालो की अहो, आम्हाला उशीर होतोय, तर विहीणबाई म्हणाल्या, 'कसानी घाई शे? मांडा खाईसन जा.'

आता खापरावरचे मांडे म्हणजे काही बिस्किटाचा पुडा नव्हे. पुरण वाटायचं, कणीक तिंबायची, ती हातावर खेळवत खेळवत परातीएवढी करायची आणि पालथ्या खापरावर टाकायची. तुमच्या घरात ती कला आता शीतलइतकी कोणालाच येत नाही, असं तुम्ही मला अभिमानाने सांगितलंत. मलाही अभिमान वाटला. पदवीच्या परीक्षेत तिने त्वचेचे थर न चुकता काढले होते, त्या हाताने ती आता पुरणाचे थर लावत होती. वर्ग सुरू झाला असेल त्या वेळी ती चुलीपुढे घामाने डबडबलेली होती, आणि हे सगळं माझ्या मानापानासाठी. जावईबापूंना मी हळूच विचारलं की तिला सोडता येईल का. त्यांनी मान हलवली, पण उभी हलवली की आडवी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग टॉवेल-टोपी. तुम्ही मला पाटावर बसवलंत, खांद्यावर टॉवेल टाकलात, डोक्यावर टोपी चढवलीत आणि अंगठ्याने भुवईपासून टोपीच्या काठापर्यंत कुंकू ओढलंत, वर तांदूळ. कुंकू कसलं तर दुकानातलं, खास, घरी देवापुढे वापरता ते. तुम्ही त्या कुंकवाची महतीही सांगितलीत, आजोबांपासूनची. मी सहा मांडे खाल्ले, वाटीभर तिखट रशी प्यायलो, कुरडया नको म्हणालो आणि खाल्ल्या. नंतर एकटाच वर्गाला गेलो.

पोचलो तेव्हा सकाळची चार व्याख्यानं झालेली. दारात एका मुलीने मला पिशवी दिली. तिच्यात उन्हापासून बचावाची एवढीशी ट्यूब आणि न चालणारं पेन होतं. आत पुण्याहून आलेले मोठे डॉक्टर बोलत होते. चाळिशीनंतर चेहऱ्यावर चकाकी कशी आणायची, हा विषय. पडद्यावर एकामागून एक गोऱ्या बायांचे चेहरे येत होते आणि डॉक्टर म्हणत होते, ही लाली बघा, ही सूज बघा. आमच्याकडे यावलच्या केळीच्या बागेतून माणूस येतो, त्याची चामडी उन्हाने तव्यासारखी झालेली असते, वर केळीच्या चिकाचे डाग. त्याच्यावर लाली शोधायची म्हणजे काळ्या रानात काळी म्हैस शोधायची. ते कसं शोधायचं, हे व्याख्यान बहुतेक सकाळी होऊन गेलं असावं. गजकर्णावर एक व्याख्यान होतं, तेही सकाळीच. मेडिकलवाल्याकडून कसलंही चार औषधं मिसळलेलं मलम आणून महिनोन्‌महिने चोळणारे निम्मे पेशंट माझेच आहेत, तेव्हा मला ते ऐकायचं होतं. त्या वेळी मी कुरडया नको म्हणत होतो.

चकाकीचं व्याख्यान ऐकता ऐकता माझं कपाळ चुरचुरायला लागलं. मग खाज. मग डोळ्यांच्या पापण्या जड. मला वाटलं मांडे. (सहा मांडे खाल्लेल्या माणसाच्या पापण्या जड होतात, त्यात वैद्यकशास्त्राचा काही संबंध नसतो.) पण शेजारचे डॉक्टर माझ्याकडे बघून खुर्ची सरकवायला लागले, तेव्हा मी मोबाईल उलटा धरून त्यात चेहरा पाहिला. नाना, माझा चेहरा लोणच्यातल्या कैरीसारखा फुगला होता.

तेवढ्यात पुण्याच्या डॉक्टरांची नजर माझ्यावर गेली. ते फार खूश झाले. धुळ्यात आपल्याला असा ताजा पेशंट मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं. मला स्टेजवर बसवलं, दिवा लावला आणि सगळा हॉल माझ्याभोवती गोळा झाला. खानदेशातली चामडीची सगळी विद्या माझ्या नाकापासून दोन बोटांवर आली. कोणी म्हणालं मधमाशी, कोणी म्हणालं नागीण, अमळनेरच्या एका तरुणाने तर असा एक आजार सांगितला की जो त्याच्या मते अख्ख्या देशात फारच थोड्यांना होतो, आणि माझ्याकडे इतक्या आदराने पाहिलं की मला तो झाला नसल्याचं वाईट वाटलं. घोरणारे गृहस्थसुद्धा उठून बघून गेले.

पुण्याचे डॉक्टर म्हणाले की टोपी काढा, केसांखालची त्वचा बघू. आमच्या शास्त्राचा हा पहिला धडा, की रुग्णाची सगळी कातडी बघितल्याशिवाय तोंड उघडू नये. मी स्वतः हा धडा शिकाऊ पोरांना ओरडून ओरडून शिकवलाय. पण मी दोन्ही हातांनी टोपी धरली आणि म्हणालो, 'ही व्याह्यांनी घातलेली टोपी आहे. दिवस मावळायच्या आत उतरणार नाही.' नाना, त्यावर सगळ्या खानदेशी डॉक्टरांनी एकदम माना डोलावल्या. खरंच आहे, कशी काढणार, असं दोघातिघांनी पुण्याच्या डॉक्टरांना समजावलंही. त्या बिचाऱ्यांना वाटलं हे काहीतरी धर्माचं असावं. त्यांनी हात जोडून माझी माफी मागितली. आणि टोपी न काढता निदान ठरलं: कुंकवाची ॲलर्जी.

इथपर्यंत ठीक होतं. पण मग त्यांनी मला माईक दिला आणि विचारलं की कुंकू कुठलं. मी साधं म्हणू शकलो असतो की बाजारातलं. माईक हातात आला की माणसाचं काय होतं कोण जाणे. मी तुमचं नाव घेतलं, दुकानाचं घेतलं, गल्लीचं घेतलं, आजोबांपासूनची महतीही सांगितली, आणि वर म्हणालो की व्याह्यांनी मुलगी नेली, आता बापाची चामडीही नेतात की काय. हॉल पोट धरधरून हसला. मागे कंपनीच्या टेबलाजवळ भूषण उभा होता, त्याने ते मोबाईलमध्ये टिपलं आणि मी चोपड्याला पोचायच्या आत तुमच्या सगळ्या भाऊबंदांच्या ग्रुपवर माझं कपाळ फिरत होतं. मला असं कळलं की आता नेहमीची गिऱ्हाइकंसुद्धा तुमच्या कुंकवाची पुडी उघडून वास घेऊन बघतात.

तर नाना, घडलं ते असं. माझं चुकलं असं मी म्हणत नाही, कारण मी जे बोललो ते शास्त्राला धरून बोललो, आणि चारचौघा जाणत्यांनी ठरवलेलं बोललो. व्याह्यांचा विनोद व्याह्यांनी समजून घ्यायचा असतो. विहीणबाईंना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद. गुडघ्यांना जपा.

आपला नम्र व्याही,
डॉ. प्रेमराज

ता. क. सही केल्यावर हे पत्र शीतलच्या आईने वाचलं आणि पुढचं लिहिल्याशिवाय पाकीट बंद करायचं नाही असं सांगून ती दारात बसली आहे. तेव्हा लिहितो. इतके रागावलेले असूनही तुम्ही शीतलला आखाजीच्या सणाला माहेरी पाठवलंत, हे तुमचं मोठेपण. मी असतो तर पाठवलं नसतं. गल्लीतल्या पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या आणि आमच्या लेकीने बापाला पालथं झोपवून पाठीवर ॲलर्जी तपासायच्या पट्ट्या चिकटवल्या. एका पट्टीखाली तुमच्या दुकानातलं कुंकू होतं, येताना देवघरातल्या डबीतून कागदात बांधून आणलेलं. दोन दिवस अंघोळ नाही, घाम नाही, खाजवणं नाही, असा हुकूम. (आखाजीच्या दिवसांत चोपड्यात घाम नाही! मी पेशंटना आजवर हेच सांगत आलो, तेव्हा ते माझ्याकडे तसे का बघायचे ते कळलं.) पट्ट्या काढल्या. कुंकवाच्या जागी माझी पाठ लहान लेकरासारखी कोरी. नाना, तुमच्या कुंकवाचा काडीचा दोष नव्हता.

ता. क. 'मग दोष कशाचा' हे लिहून झालं का, असं दारातून विचारणं चालू आहे. दुसऱ्या पट्टीखाली कलप होता, आणि तिथे पाठीवर लाल फोड आले. वर्गाच्या आदल्या संध्याकाळी मी केसांना कलप लावला होता. व्याह्यांकडे जायचं, स्टेजवर ओळखीपाळखी होणार, म्हणून. आधी कानामागे थोडा लावून बघा, असं त्या डबीवर बारीक अक्षरात छापलेलं असतं आणि मी ते रोज मोठ्याने सांगतो. शीतलने दारात मला जे विचारलं, आणि ज्यावर मी उन्हाचा विषय काढला, ते एवढंच होतं: 'आबा, केसांना काय लावलं? कान लाल झालेत.' सगळ्या हॉलला टोपी काढूनही बहुधा दिसलं नसतं, ते तिला टोपी घालण्याआधी दिसलं होतं. आणि ती टोपी मी तुमच्या मानासाठी धरून ठेवली नव्हती, काळे केस बघून कोणी कलपाचं विचारील म्हणून धरली होती. मी तुमची, विहीणबाईंची आणि त्या कुंकवाची मनापासून माफी मागतो. हे वाक्य मला कोणी सांगितलेलं नाही.

ता. क. तुमचे केस या वयातही इतके काळेभोर कसे, याचं मला लग्नापासून आश्चर्य वाटायचं. कलपाला मी हात घातला तो तुमच्या शेजारी म्हातारा दिसू नये म्हणूनच. तुम्हाला उन्हाळा-हिवाळा कानामागे खाज येते आणि तुम्ही ती उष्णता म्हणून सब्जाचं पाणी पिता, असं बोलता बोलता विहीणबाईंच्या तोंडून निघालं होतं. मी काही म्हणत नाही. सुनेने सासऱ्याला असलं काही विचारायचं नसतं, म्हणून तीही काही म्हणत नाही. पण सब्जा बंद केलात तरी चालेल.

ता. क. (मूळ काम.) जळगावच्या वर्गात कलप, कुंकू आणि टिकल्या यांच्या ॲलर्जीवर व्याख्यान ठेवलंय. मला बोलावलं होतं. मी माझ्या जागी शीतलचं नाव दिलंय आणि ते छापून झालंय. पडद्यावर माझी पाठ दिसेल, आणि ती भर सभेत सांगेल की धुळ्याच्या त्या कुंकवावर आलेला आळ खोटा होता. भूषणला मोबाईल घेऊन उभं राहायला मी सांगून ठेवलंय. तिला पाठवलं नाहीत, तर मला बोलावं लागेल. आणि माईक हातात आला की माझं काय होतं ते तुम्ही पाहिलंय. कलपावर बोलताना ओळखीची उदाहरणं द्यायची मला फार वाईट सवय आहे.

ता. क. तिला न्यायला मी येणार नाही, रागावू नका. तिला सकाळच्या एसटीत बसवून द्या. मी दारात आलो की डाळ शिजायला पडते आणि पोरीचा बिल्ला खुंटीला लागतो.